माहेरच्या गावाचा रकाना

मंडळी, आज सकाळी आरोग्य खात्याची आशाताई मोबाईल घेऊन तेलंगणातल्या जैनथच्या आमच्या घरी आली. सुनेला सातवा महिना आहे. वजन झालं, रक्ताची तपासणी झाली, मग मोबाईलातला फॉर्म भरता भरता तिनं विचारलं, "बाळंतपणाला माहेरी जाणार काय? गाव कोणतं?"

मी चहा गाळता गाळता थांबले.

नव्वदच्या दशकात मी इथंच नर्स होते. आरोग्य केंद्राच्या हापिसात नवा कॉम्प्युटर आला. त्याच्या यादीत पहिलटकरणींच्या नावापुढं 'धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नाही' असं छापून येई. साहेब म्हणत, बायका ऐकत नाहीत. मला पटेना. मी आणि अंगणवाडीची सुमन, दोघी वही घेऊन घरोघर विचारत फिरलो.

"माहेरी गेली ना बाई, पैनगंगेपल्याड, महाराष्ट्रात," एक सासू म्हणाली. "पहिलं बाळंतपण हाय, इथं काऊन ठेवू?"

घरोघर हेच. इथं ती गैरहजर, तिथं तिचं नावच नाही. इंजेक्शनही बुडे, अंगणवाडीचा आहारही.

वही साहेबांपुढं ठेवली. कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, "बाबू, एक रकाना वाढव. माहेरचं गाव." त्यानं वाढवला. मग ते गाव पाहून आम्ही पल्याडच्या नर्सला आणि अंगणवाडीला चिठ्ठ्या धाडायचो, बाजाराला जाणाऱ्यांच्या हाती.

आजचा फॉर्म कोणी बनवला, मला ठाऊक नाही. पण सुनेनं गाव सांगितलं आणि आशाताईनं लगेच तिकडं फोन लावला, तेव्हा मला सुमनची फार आठवण आली.

तुम्ही कधीतरी विचारलेला प्रश्न आज दुसरं कोणी विचारून राह्यलं का?