पसंती विचारणारा माणूस

"आपली पसंती?"

तिकिटाच्या खिडकीतून डोकं जरा बाहेर काढून, मान कलती करून ते विचारत. मंचरचा मोटारस्टँड, धुळीत उभी असलेली एकुलती एक सरकारी गाडी आणि समोर बटाट्याच्या बियाण्यासाठी पुण्याला निघालेला शेतकरी. त्यानं पसंत काय करायचं?

"गाडी एकच हाय न्हवं, राव?"

"गाडी एकच. पण जागा? दुपारी डाव्या अंगाला सावली असते."

शेतकरी हसायचा आणि डावीकडे बसायचा. कुणी विचारलं की माणूस नकळत ताठ उभा राहतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

मी शेजारच्या टेबलावर पार्सलं बघत असे. तिकिटाच्या खिडकीतल्या या गृहस्थांना आम्ही विमानवाले म्हणायचो. जुन्नरच्या हातकागद करणाऱ्या मुसलमान घरातले ते पूर्वी मुंबईत एका विमान कंपनीच्या काउंटरवर होते. तेव्हा कंपन्या बऱ्याच होत्या. एक गरम जेवण द्यायची, दुसरी घरापर्यंत मोटार पाठवायची. उतारू राजासारखा या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरायचा. एकदा कंपनीनं त्यांनाही नागपूरपर्यंत नेऊन आणलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "वरून शेतं कशी दिसतात, ठाऊक आहे? आमच्या भिंतीवर वाळायला चिकटवलेले ओले कागद. अजून कुणी काही लिहिलेलं नाही असे." मग ते खिडकीबाहेर बघायचे आणि स्टँडवरची धूळसुद्धा मला ढगासारखी वाटू लागायची.

ती नोकरी त्यांनी स्वतःच्या हातानं घालवली. एका म्हाताऱ्याला कलकत्त्याला आजारी मुलीकडे जायचं होतं. यांचं विमान संध्याकाळी, शेजारच्या कंपनीचं तासाभरात. यांनी म्हाताऱ्याची पिशवी उचलली आणि त्याला शेजारच्या काउंटरवर नेऊन उभं केलं. "पगार कुणाचा खातोस?" मॅनेजर ओरडला.

"पगार तुमचा, साहेब. पण प्रवास त्यांचा."

ते जुन्नरला परतले, मग मंचरला चिकटले. पुढे एका सकाळी पेपरात आलं की सरकार सगळ्या विमान कंपन्या एकत्र करणार. त्यांनी ती बातमी दोनदा वाचली, पेपरची बारीक घडी घातली आणि म्हणाले, "आता काउंटरवरचा माणूस विचारणार तरी काय?" त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

आणि मग एके दुपारी लोणी गावची ती बाई आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, अनवाणी, धापा टाकत. मुलगा पलटणीत भरती झाला होता. त्याची आगगाडी पुण्याहून चारला सुटायची. आमची दुपारची गाडी भरून गेलेली, पुढची तीनला.

"तीनची मिळेल," मी म्हणालो.

"तवर पोरगा जाईल, भाऊ. तोंड तरी बघू द्या."

विमानवाले खुर्चीवरून उठले. रस्त्यापलीकडे बटाट्याचा ट्रक निघायच्या बेतात होता. ट्रकमध्ये उतारू बसवायला बंदी, आणि सरकारी माणसानं बसवणं तर फारच वाईट. त्यांनी ड्रायव्हरशी बोलून बाईला पुढे बसवलं. ते परत आल्यावर मी म्हणालो, "अहो, पुन्हा तेच केलंत!"

"हो," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कुणीतरी वर कळवलं. पंधरा दिवसांत बदली झाली, थेट धुळ्याला. त्यांनी खुर्चीवरची आपली उशी आणि पाण्याचा तांब्या उचलला. मला म्हणाले, "खिडकी सांभाळा." मी मान डोलावली.

थंडीच्या तोंडावर ती बाई परत आली. काखेत काळी घोंगडी, नवी, लोकरीचा वास येणारी.

"भेट झाली?" मी विचारलं.

"झाली. डब्यात चढून त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. मग शिट्टी झाली." ती खिडकीत डोकावली. "ते भाऊ कुठं हायेत?"

मी सांगितलं. त्यांचं नावही सांगितलं. तिनं ते दोनदा तोंडात घोळवलं.

"घोंगडी ठेवा. पार्सलानं पाठवतो."

"नगं. मीच जाते."

"लई लांब आहे, बाई. नाशकाला गाडी बदलावी लागेल."

"बदलंन की."

नाशिकची गाडी आली. ती पुढच्या बाकावर बसली, घोंगडी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. गाडी हलली तेव्हा ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती.