दोन्ही कान दिसू देत!

तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढल्यावर माणसाचं काय होतं, ते पासपोर्टमावशीकडे बघून कळतं. बसस्टॉपशेजारी आठ बाय दहाचं तिचं दुकान. एक स्टूल, एक पांढरा पडदा आणि येईल त्याला एकच हुकूम : "मान सरळ, हनुवटी वर, दोन्ही कान दिसू देत!" अर्धी गल्ली तिच्याच फोटोंवर परदेशी गेली, पोटचा मुलगासुद्धा. पुढे घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आले, गिऱ्हाईक आटलं. बासष्टाव्या वर्षी मावशीने दुकानाला कुलूप ठोकलं, लांबचं टिपणारी लेन्स घेतली आणि फ्लॅशला सोबत घेऊन गावाबाहेरचं वाळवंट तुडवायला निघाली.

फ्लॅश म्हणजे तिचा कुत्रा. दुकानातच वाढलेला. रडकं पोर कॅमेऱ्याकडे बघेना, की मावशी म्हणायची, "इकडे बघा!" त्यासरशी कॅमेऱ्यामागे बसलेला फ्लॅश मान तिरकी करायचा आणि पोर रडणं विसरून टकामका बघत राहायचं.

वाळवंटातही मावशीची खोड जाईना. निवडुंगाचं फूलसुद्धा समोरून, अगदी मधोमध. सरड्याला दिसण्याजोगे कानच नसतात, याची तिला कितीतरी दिवस चुटपुट लागली होती. भाची तर पोट धरधरून हसायची. "मावशी, या खोकडाला परदेशी पाठवायचंय का गं?" खोकड म्हणजे कोल्ह्याचंच धाकटं भावंड, अंग एवढंसं आणि कान हे मोठे.

भाची प्राण्यांच्या मोजणीचं काम करायची. या उन्हाळ्यात मात्र तिचं हसू पळालं. खोकडांच्या बिळांवरून खडीच्या ट्रकांचा रस्ता जाणार होता. तिथे निदान चार खोकडं राहतात असं दाखवलं, तरच तो वळणार होता. लोकांनी फोटो ढिगाने पाठवले होते, पण सगळे धावते, पाठमोरे, अर्धवट. एकच खोकड चारदा की चार वेगळी, कोण सांगणार?

"खोकड ओळखायचं कानांवरून," भाची रडकुंडीला येऊन म्हणाली. "कुणाचा फाटका, कुणाला खाच. पण दोन्ही कान समोरून दिसतील असा फोटो काढतं कोण?"

मावशीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. भाचीने जीभ चावली.

मावशीच्या साठ्यात तीन निघाली. एकाचा डावा कान फाटका, दुसऱ्याच्या उजव्याला खाच, तिसऱ्याचे दोन्ही धड. चौथं हवं होतं, आणि कागद द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळीच संपत होती.

उजाडता उजाडता मावशी बिळापासून लांब, वाळूच्या टेकडीवर पालथी पडली होती. फ्लॅशचा पट्टा कमरेला बांधलेला आणि तो तिच्यामागे चिडीचूप बसलेला. आणि आलं! बिळातून खोकड आलं! पण उभं राहिलं ते आडवं. एकच कान दिसतोय, तोही धड. आधीच टिपलेलं असलं तर? हलावं तर पळून जाईल. तेवढ्यात तिच्या तोंडून, सवयीने, अगदी हळू निघून गेलं :

"इकडे बघा."

फ्लॅशने मान तिरकी केली. त्या हालचालीवर खोकडाने कान टवकारले, वळून थेट पाहिलं, आणि त्यानेही मान तिरकी केली! उजवा कान अर्धाच होता.

"मान सरळ," मावशी पुटपुटली. खोटं वाटेल, पण खोकडाने मान सरळ केली.

"चौथं! फ्लॅश, चौथं!" मावशी टेकडी उतरत नव्हती, घसरत होती, आणि फ्लॅश भुंकत तिला ओढत होता. दुकानाचं कुलूप उघडलं, चार फोटो छापले आणि हात आपोआप कातरयंत्राकडे गेला.

"मावशी! एवढेसे कापलेस?" भाची दारातूनच किंचाळली.

"अगं बाई! अर्जाला असेच लागतात ना!"

पुन्हा छापायला वेळ कुठला? तेच चिकटवले आणि भाची पळाली.

आठवड्याने ती धापा टाकत आली. रस्त्याच्या साहेबांनी भिंग लावून आठही कान तपासले होते. रस्ता वळला होता.

मावशी मटकन स्टुलावर बसली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"माझ्या फोटोंवर सगळे गेलेच गं," ती डोळे पुसत म्हणाली. "राहिलं असं कुणी पहिल्यांदाच."