उशिरा पडणारा गिअर

आमच्या गाडीचा गिअर उशिरा पडत होता, आणि त्या उन्हाळ्यात माझ्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

गाडी जुनी, परदेशी, डिझेलची आणि ऑटोमॅटिक. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीने काढून टाकलेली, तीन मालक फिरून माझ्याकडे आली. नवं शतक नुकतंच लागलं होतं. रत्नागिरीत असली गाडी दुसऱ्या कुणाकडे माझ्या तरी पाहण्यात नव्हती, कारण ती कुणाला नकोच होती. मीही हौसेने घेतली नव्हती. आधीच्या एका मोसमात मी कलमावरून पडलो होतो. आंबा काढायला माणसं असताना मालकाने झाडावर चढू नये, हे शहाणपण मला पडल्यावर सगळ्यांनी सांगितलं. डावा गुडघा धरला तो कायमचा. क्लच दाबणारा पाय गेला म्हणजे गाडी चालवणं गेलं. मग कॉलेजात शिकवायला जायचं ते शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून, आणि बागेत जायचं ते कुणाला सवड असेल तेव्हा. झाडाखाली जरा टेकलो की आणणारा घड्याळ बघायचा. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दुसऱ्याने "निघायचं ना, सर?" म्हणावं आणि त्याने मुकाट्याने उठावं, याची चीड ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्याला सांगून कळायची नाही.

या गाडीला क्लच नव्हता. एका उजव्या पायावर मी भाट्याचा पूल ओलांडून, पुढचा चढ चढून, एकटा बागेत जाऊ लागलो. दोन वर्षं सुखाची गेली.

मग त्या मार्चमध्ये, आंब्याच्या पहिल्या पेट्या भरायला घेतल्या तेव्हा, गाडी बिघडली. दुसऱ्या गिअरमधून तिसरा पडेचना. इंजिन कोकलतंय, मागचे हॉर्न वाजवतायत, रस्त्यावरची माणसं वळून बघतायत, आणि मी स्टिअरिंग धरून "पड, पड" म्हणत बसलोय. शेवटी पडायचा तो असा धक्का देऊन की मान मागे आपटायची. त्यात भर म्हणजे चावी काढली तरी इंजिन बंद व्हायचं नाही. घटकाभर धडधडत राहायचं.

"चावी काढली तरी बोलतेच आहे," बायको म्हणाली. "तुमच्याकडे राहून शिकली."

मला हसू आलं नाही.

गावातल्या गॅरेजवाल्याने गिअरचं तेल बदललं. दुसऱ्याने ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी एक केबल ओढून घट्ट केली, तिसऱ्याने ती सैल केली, मग पहिल्याने परत घट्ट केली. प्रत्येक जण बॉनेटमध्ये डोकं घालून "असली गाडी घ्यायचीच कशाला?" हे विचारायचा, जसं काही ते दुरुस्तीतच धरलं होतं. आमच्याकडे काम अडलं की माणूस आंब्याची पेटी घेऊन जातो. मीही प्रत्येकाला पेटी दिली. लाकडी फळ्यांची, खिळे ठोकलेली, आत पेंढा घातलेली, चांगल्या पाच डझनांची पेटी. डिकीत आडवी सारायची आणि न्यायची. पेटी पोचली की माणूस दोन दिवस मन लावून काम करायचा, आणि गाडी होती त्याहून वाईट होऊन परत यायची. हातखंब्याच्या एका मेस्त्रीने तर आंबा कापून खात खात मला सांगितलं, "सर, गिअरबॉक्सच उतरवायला लागंल. आणि उतरवला तर परत बसवायची ग्यारंटी नाय."

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. मला खरोखर भीती वाटत होती. गाडी गेली की मी पुन्हा स्कूटरच्या मागच्या सीटवर.

बायको याच सुमाराला एकदा म्हणाली होती, "अहो, डिकी लॉक होत नाहीये हल्ली."

या गाडीची एक तऱ्हा होती. ड्रायव्हरच्या दाराला चावी लावली की बाकीची दारं आणि डिकी आपोआप लागायची. ते बंद पडलं होतं, हे मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "बरं."

आठ दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. मी खेकसलो, "मी गिअरचं बोलतोय आणि तू डिकीचं काय घेऊन बसलीयेस? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!" तिने ताट उचललं आणि आत गेली. त्यानंतर ती गाडीबद्दल काही बोलली नाही. मला ते बरंच वाटलं, हे कबूल करतो.

मे संपत आला तेव्हा मी हरलो. कोल्हापूरचा एक जण गाडी सुट्या भागांसाठी घ्यायला तयार झाला. रविवारी येणार होता. शनिवारी सकाळी बायको म्हणाली, पावसाळ्यासाठी बंदर आता बंद होईल, मासळी घेऊन येऊ. मिरकरवाड्याला गेलो. तिने बांगडे घेतले, मी गाडीतच. उतरायचं म्हणून चावी काढली, आणि इंजिन आपलं धडधडतंय.

जाळ्याच्या ढिगाशेजारी एक म्हातारे चाचा बोटीच्या इंजिनाचा पंप उघडून बसले होते. ते ओरडले, "अवो, बंद करा ना गाडी!"

"केलीय बंद!" मीही ओरडलो.

ते हात पुसत उठून आले. मी म्हटलं, झालं, हा पाचवा. आणि याच्यासाठी पेटीही आहेच डिकीत. ती खरं तर कोल्हापूरवाल्यासाठी ठेवली होती.

"गिअर पन उशिरा पडतो?" त्यांनी विचारलं. मी चमकलो. मी गिअरचा ग सुद्धा काढला नव्हता. "कुवेतला गॅरेजात वीस वर्सं असल्या गाड्या केल्या," ते म्हणाले. "डिझेलला म्हणून यात हवा खेचायचा पंप असतो. त्या खेचीवर गाडी बंद होते, त्याच खेचीवर गिअर पडतो, दारं पन तिच्यावरच लागतात. सगळ्याला एकच खेच. एकीकडं गळली का सगळीकडं कमी. दारं लागतात?"

मी तोंड उघडायच्या आत बांगडे घेऊन आलेली बायको म्हणाली, "डिकी लॉक होत नाही. मार्चपासून."

चाचांनी डिकी उघडली, पेटी बाहेर काढली, बाजूचं अस्तर सोडवलं. मागून बोरूएवढी एक बारीक नळी जात होती. तिला भोक होतं, आणि शेजारी अस्तरात पेंढ्याची काडी आणि वाकलेला खिळा अडकलेला होता. पेटीचा. मोसमाची पहिलीच एखादी पेटी आत सारताना अस्तर फाडून गेली होती, आणि नंतर गाडी दुरुस्त करा म्हणून मी नेलेली प्रत्येक पेटी ते भोक मोठं करत होती.

चाचांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वीतभर कापून भोकावर चढवली, मग बॉनेट उघडून ती केबल जुन्या रंगाच्या खुणेवर परत आणली. अर्धा तासही लागला नाही. मी पेटी त्यांच्यापुढे केली. ते म्हणाले, "ठेवतो. पन खिळं आत ठोकून घेत जा."

मी गाडी सुरू केली आणि थेट निघालो. गाव मागे टाकलं, पूल ओलांडला, चढ लागला. कुठल्या वेळी दुसरा पडला आणि कधी तिसरा, मला कळलंही नाही. वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, गाडी लावून चावी काढली. इंजिन चट्कन बंद झालं. इतकं शांत झालं की मला रडू आलं. उद्याच्या माणसाला नको म्हणून कळवायचं, आजच, असं मी मोठ्याने म्हणालो. शेजारी कुणी नव्हतं. एकट्याने यायचं होतं ना, आलो होतो एकटा.

मग आठवलं की बायको बंदरावर उभी आहे.

परत गेलो तेव्हा ती चाचांनी दिलेल्या उलट्या टोपल्यावर बसली होती, पदर डोक्यावर, पायाशी बांगड्यांची पिशवी. पिशवीवर चाचांनी बर्फ घातला होता. मी आतून दार उघडलं. ती गाडीत बसली.

"पडला गिअर?"

"पडला."

"बरं झालं." तिने पिशवी पायाशी नीट ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही वळून गेलात तेव्हा मागून बघितलं. डावीकडचा इंडिकेटर लागत नाहीये."

माझ्या ओठावर आलं होतं की तो कालच बघितलाय, चांगला लागतो. मी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावला, पाय ओढत खाली उतरलो आणि मागे जाऊन पाहिलं. लागत नव्हता.