दारावरचा लाल टॅग

माझे मिस्टर पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिशियन. घरात ते कमी आणि कारखान्याचे नियमच जास्त राहायचे. मशीनच्या आत शिरण्याआधी माणूस स्विच बंद करतो, त्याला लाल टॅग अडकवतो, म्हणजे आत माणूस आहे, कुणी चालू करू नये, आणि ज्याने लावला त्यानेच तो बाहेर आल्यावर काढायचा. मोठा साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. हे मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात पाठ झालं. आमचा मिक्सर दुरुस्त करतानाही बोर्डावर टॅग लटकायचा आणि मी मुकाट पाट्यावर चटणी वाटायची.

मग या माणसाला डिप्रेशन आलं. तीन वर्षं गोळ्या बदलत गेल्या, हे काही बदलले नाहीत. शेवटी रायपूरच्या डॉक्टरने केटामाइन सुचवलं. भूल द्यायचं औषध, पण थोडंसं, सलाईनमधून, आठवड्यातून दोनदा. दुधाने पोळलेली मी, ताकही फुंकून पिणारी. तीनदा विचारलं, गुण येईल ना? डॉक्टर म्हणाले, "आ सकता है. टिकेगा ही, ऐसा नहीं कह सकता. और इन्हें अकेला मत छोड़िए."

पहिल्या दिवशी परत येताना वाटेत कुम्हारी गावात हे म्हणाले, "चहा घेऊ का?" तीन वर्षांत या माणसाने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. मी टपरीवर उभ्या उभ्या रडले. चहावाला बघत राहिला. बघू दे म्हटलं.

इंजेक्शनच्या दिवशी त्यांना आवाज सहन होत नसे, आणि शेजारणी तर चौकशीला टपलेल्याच. म्हणून यांनी जुना टॅग शोधून बेडरूमच्या कडीला अडकवला. संध्याकाळी स्वतः काढला, बाहेर आले, दोन पोळ्या जेवले. मला केवढा आनंद झाला! नियम परत आला म्हणजे माणूस परत आला, असं मी धरून चालले.

चौथ्या वेळेनंतर गुण दोन दिवसांतच ओसरला. दाढी अर्धी करून ते तसेच बसून राहायचे. एका सकाळी पाहिलं तर दारावर टॅग. त्या दिवशी रायपूरला जायचं नव्हतं, इंजेक्शन नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. पण मी भाजीवाल्याला हळू बोल म्हणून दटावलं, ताट दाराशी ठेवलं आणि पाय न वाजवता घरात फिरत राहिले. दुपारी ताट तसंच होतं. मी वरण गरम करून पुन्हा ठेवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो बैल मीच.

चार वाजता दुर्गहून नणंदेचा फोन आला. थोरली, तोंडाने फटकळ. दार सकाळपासून बंद आहे, ताटही तसंच आहे, असं मी तिला सांगितलं.

"दार कावून नाही उघडलं?"

"त्यांचा टॅग आहे ना."

"अवं, तो का मशीन हाये?"

मी फोन टाकून दाराकडे धावले. एवढ्या वर्षांत मी त्या टॅगला पहिल्यांदा हात लावला, आणि गाठ काही सुटेना. शेवटी ओढून तोडला. आतून कडी लावलेलीच नव्हती.

हे पलंगाच्या कडेला बसले होते. मांडीवर तीन वर्षांच्या उरलेल्या गोळ्यांचा डबा, झाकण उघडं. आतल्या गोळ्या जागच्या जागी होत्या. मी डबा उचलून घेतला. त्यांनी घेऊ दिला.

"सकाळपासून वाट पाहून राहिलो," ते म्हणाले. "वाटलं, तू तरी काढशील."

मला रागच आला. भीतीचा राग. "नियम तुमचाच ना? ज्याने लावला त्यानेच काढायचा."

त्यांनी माझ्या हातातली टॅगची तुटकी दोरी आपल्या हातात घेतली.

"बाहेर आला तर काढन ना माणूस," ते म्हणाले. "मले बाहेर येताच येत नव्हतं."