माउंटखाली झाकलेलं तरस

माझ्या दोन्ही नातवंडांनो, घरच्या ग्रुपवर फिरणारा तो व्हिडिओ तुमच्यापर्यंतही पोचला, असं तुमची आई म्हणाली. त्यात मी भर सभागृहात उभी राहून बोलते आहे आणि मागून कोणीतरी ‘आजी, बसा’ म्हणतंय, एवढंच दिसतं. अर्धवट माहितीवर तुम्ही माझी बाजू घ्यावी हेही मला नको, आणि तुम्हाला माझी लाज वाटावी हेही नको. म्हणून क्रमाने लिहिते.

माझी धाकटी बहीण, तुमची मावशीआजी, आयुष्यभर रानातले प्राणी चितारत राहिली. वाघाच्या वाटेला ती फारशी गेली नाही. पुण्याच्या आसपासच्या माळावर जे राहतं तेच ती काढायची: खोकड, सायाळ, लांडगा, तरस. लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीवर, चित्र कोरायचं, त्यावर शाई फिरवायची, कागद ठेवून दाबायचा आणि ठसा उचलायचा. ठरलेल्या प्रती निघाल्या की त्या लिनोवर ती स्वतः आडवी रेघ ओढून तो बाद करायची, म्हणजे पुढे कोणी आणखी काढू नयेत. तेव्हा याला झेरॉक्स म्हणायचं नाही. प्रत्येक ठशाखाली ती पेन्सिलीने क्रमांक आणि प्राण्याचं नाव लिहून सही करायची.

ती गेल्यावर तिच्या चित्रांची यादी मी केली. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका संस्थेने यंदा मदतीसाठी लिलाव ठेवला, तेव्हा मी तिची तरस मादी दिली. तोंडात हाड धरून पिल्लांकडे परत निघालेली. रस्त्यावर गाडीखाली सापडलेली तरसं त्याच संस्थेत नेतात, म्हणून मुद्दाम हेच चित्र.

संस्थेच्या अध्यक्षबाई माझ्याच कॉलेजच्या, मला दोन वर्षं मागे. त्यांचा फोन आला. दिवाणखान्यात तरस कोण लावणार, ते मढी उकरतं म्हणतात, त्यापेक्षा एखादा मोर नाही का, असं त्यांनी विचारलं. मोर हवा असेल तर दिनदर्शिकेवर मिळेल, असं मी सांगितलं. त्या हसल्या. विषय मिटला असं मी धरून चालले, ही माझी चूक.

लिलावाच्या दिवशी पाहते तर चित्राभोवतीचा माउंट, म्हणजे तो जाड पुठ्ठा, इतका आत आणलेला की खालची पेन्सिलीची ओळ पूर्ण झाकली गेली होती. नाव नाही, क्रमांक नाही, सही नाही. छापील यादीत शीर्षक होतं ‘अरण्यातील माता’. फ्रेमवाल्याची चूक असेल, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. बुधवार पेठेतला तो फ्रेमवाला माझ्या ओळखीचा. मी तिथूनच त्याला फोन लावला. बाईंनीच तेवढं दाबायला सांगितलं, म्हणाला.

“अहो ताई,” अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, “नाव नसलं तर पैसे जास्त येतील. भलं प्राण्यांचंच आहे ना?”

हा मुद्दा खोटा नव्हता. चहा संपेपर्यंत मी त्यावर विचार केला. पण ज्याचं नाव घ्यायची चोरी, त्याच्याच औषधपाण्यासाठी पैसे मागायचे, हे मला पटेना. फ्रेम उघडा, असं मी सांगितलं. त्यांनी वेळ नाही म्हणून टाळलं.

बोली चांगली चढली. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेवटची बोली लावली आणि सहज विचारलं, प्राणी कोणता? पुकारणाऱ्याने यादी पाहिली. यादीत प्राण्याचं नाव नव्हतं. बिबट्याच्या जातीतलं आहे, असं त्याने ठोकून दिलं. तेव्हा मी उभी राहिले.

“ते तरस आहे. माउंट काढा, खाली लिहिलेलं आहे.”

मागून ‘आजी, बसा’ आलं ते इथे.

“बसते. आधी फ्रेम उघडा.”

व्हिडिओ इथे संपतो. फ्रेम उघडली, मी तोपर्यंत बसले नाही. त्या गृहस्थांनी, घरी चालणार नाही हो, असं म्हणून बोली मागे घेतली. पुन्हा पहिल्यापासून पुकारा झाला, पण बोली काही येईना. मग बिबवेवाडीचे एक दातांचे डॉक्टर पुढे आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चित्राला नाक लावलं.

“जबडा बरोबर काढलाय,” ते म्हणाले. “वेटिंग रूममध्ये लावतो. पेशंट गप्प बसतील.”

आधीच्या बोलीपेक्षा बऱ्याच कमी पैशात चित्र त्यांना गेलं.

आता समितीचं पत्र आलं आहे: संस्थेचं नुकसान झालं, मी दिलगिरी व्यक्त करावी. दोन ओळी लिहून टाक, असं तुमची आईही म्हणते. मी दोनच ओळी लिहिल्या. चित्र तरसाच्या नावाने दिलं होतं, त्याच नावाने विकलं गेलं. पुढच्या वर्षी हवा असल्यास लांडगा देईन, तोही त्याच्या नावानेच.

बहिणीने या चित्राच्या बारा प्रती काढल्या होत्या. काही वाळवीने खाल्ल्या, काही लोकांनी नेऊन हरवल्या. चार शिल्लक आहेत, एक त्या दवाखान्यात आणि तीन माझ्या कपाटात. चारही प्रतींखाली तिच्या अक्षरातलं ‘तरस, मादी’ स्वच्छ वाचता येतं.