लेस्टरचा रविवार, सेम्बावांगमध्ये

सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये आज स्वयंपाकाला सुट्टी आहे. माझ्या सासूबाई सकाळपासून सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्ही बघताहेत. लग्नानंतर त्या इंग्लंडात, लेस्टरला राहिल्या. तिथे पन्नासेक वर्षांपूर्वी रविवारी टीव्हीवर जे जे लागायचं, ते माझ्या नवऱ्याने, सारंगने, त्यांच्या वाढदिवसासाठी इंटरनेटवरून जमवलंय.

सासूबाईंना संवाद तोंडपाठ आहेत. नटाच्या आधी त्याच बोलतात. पण चेहरा दिसला की चकित होतात.

"अगंबाई, हा टकला होता होय!"

"आई, तुम्ही पाहिलं नव्हतंत?" मी विचारलं.

"बघणार कधी? मी स्वयंपाकघरात. बाहेरून आवाज तेवढा यायचा. मदतीला हाक मारली, की तुझे सासरे म्हणायचे, थांब, टीव्ही बघतोय."

त्या नुसत्या आवाजावर ही बाई पोळ्या लाटता लाटता इंग्रजी शिकली आणि पुढे तिथल्याच शाळेत नोकरीला लागली. मी असते तर लाटणंच फेकून मारलं असतं.

एवढ्यात सारंग स्वयंपाकघरातून ओरडला, "आई, चहा पावडर कुठेय?"

सासूबाईंनी मानसुद्धा वळवली नाही.

"थांब. टीव्ही बघतेय."