बिनखताचा वाफा

भातसंशोधन केंद्रातले पट्टीवाले पंचवीस वर्षं रोपांची उंची मोजत होते. हातात लाकडी पट्टी, कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर असा भाव, की भात वाढतो तो त्यांनी मोजल्यामुळेच. आपल्या आईने आयुष्यभर जपलेलं उंच भाताचं बियाणं त्यांनीच साहेबांच्या गळी उतरवलं होतं. चाचणीचं हे शेवटचं वर्ष. टिकलं तर बियाणं शिफारशीच्या यादीत, नाहीतर कायमचं बाद.

उंच आणि बुटका असे दोन्ही वाण शेजारी शेजारी लावले होते. काही वाफ्यांना भरपूर युरिया, काहींना बेताचा, एका जोडीला काहीच नाही. भरपूर खत मिळालेल्या बुटक्याने भरलेल्या लोंब्या आरामात पेलल्या. उंच मात्र ताडमाड वाढला आणि पहिल्याच वाऱ्यात आडवा झाला. पट्टीवाल्यांचा जीव तुटला.

त्यात बिनखताच्या वाफ्यातली पिवळट पानं त्यांना बघवेनात. शेजाऱ्यांची चैन आणि याच्या पोटात कावळे! एके दुपारी सगळे डबे खायला बसले असताना त्यांनी आपल्या वाणाला युरियाच्या दोन मुठी टाकल्या. मग, हात आखडता कशाला घ्यायचा म्हणून, आणखी चार.

घरी बायकोला त्यांनी हे अभिमानाने सांगितलं.

"थोरल्याचंही असंच केलंत," ती म्हणाली. "लाडाने इतकं खाऊ घातलंत, की आता अकरापर्यंत अंथरुणातून उठत नाही."

पुढे वाफा हिरवागार झाला, रोपं पट्टीच्या वर गेली. लोंब्या भरत आल्या आणि एका सकाळी सगळं पीक चिखलात लोळत होतं.

कापणीनंतर साहेबांनी वजनं पाहिली. "वाईट वाटतं हो. बिनखताच्या जमिनीत हा बुटक्यालाही भारी पडतो. दोन वर्षं तेच दिसलं. ज्यांना खत मिळत नाही त्यांच्यासाठी मी हा ठेवणारच होतो. यंदा तिथेही लोळला."

हे आधी सांगायला काय झालं होतं? पण मोजणाऱ्याला असलं काही सांगायची केंद्रात रीत नव्हती. पट्टीवाले पुढे झाले.

"साहेब, त्यात मी युरिया टाकला होता."

साहेबांनी चष्मा काढला. "पंचवीस वर्षांत तुमची एक चूक नाही. आईचं बियाणं जातंय, कळतं मला. पण त्यासाठी खोटं बोलू नका."

त्यांनी तक्ता पुढे सरकवला. मोजणाऱ्याच्या सहीशिवाय तो वर जात नसे. पट्टीवाल्यांनी सही केली.